एकच एव्ही रिसीव्हर घ्यावा की प्रीअ‍ॅम्प-पॉवर अ‍ॅम्पची वेगळी चूल मांडावी?

खर्ज_षड्ज

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी धागाच काढतो म्हटलं.

खोली साधारण १८ बाय १२ फूट, टीव्ही लांब भिंतीवर, सोफा टीव्हीपासून साडेदहा फुटांवर. पुढचे दोन बुकशेल्फ स्पीकर आधीपासून आहेत, कागदावर ८६ डीबी सेन्सिटिव्हिटी आणि ४ ओहम. ते मला जाम आवडतात, ते बदलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात कोणीतरी 'आधी स्पीकर बदला' म्हणणार. आता सेंटर, मागचे दोन, एक सबवूफर आणि जमलं तर छताला दोन असं ५.१.२ करायचंय. वापर म्हणाल तर अर्ध्याहून जास्त गाणी, तीही दोनच स्पीकरवर डोळे मिटून, उरलेल्या वेळात सिनेमे आणि मुलांचे गेम.

एक सरळ रस्ता म्हणजे रिसीव्हर (डिकोडर आणि सगळ्या स्पीकरांचे अ‍ॅम्प एकाच डब्यात) घ्यायचा, वायरी खोचायच्या आणि मोकळं व्हायचं. दुसरा म्हणजे वेगळा प्रोसेसर (सराउंड उलगडणारा प्रीअ‍ॅम्प) आणि वेगळा पॉवर अ‍ॅम्प. आणि तिसरा एक मधला ऐकलाय, रिसीव्हर सिनेमासाठी आणि पुढच्या दोघांसाठी चांगला स्टिरिओ इंटिग्रेटेड (प्री आणि पॉवर एकाच डब्यात) अ‍ॅम्प. जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय, एक म्हणतो रिसीव्हरवर गाणी ऐकवत नाहीत, दुसरा म्हणतो फरक ऐकू येतो म्हणणारे सगळे भ्रमात आहेत. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा.

ट्वीटर_तात्या

आधी स्पीकर बदला.

(ह. घ्या.)

जुनी_कॅसेट

गाणी अर्ध्याहून जास्त ऐकतोस म्हणालास ना, मग विषय संपला. चांगला स्टिरिओ अ‍ॅम्प घे आणि बाकी सगळं विसर. माझा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प १९९० च्या दशकातला आहे, आजही पहिल्यासारखा वाजतो. त्याच काळात घेतलेले रिसीव्हर कुठे आहेत विचार, सगळे माळ्यावर. रिसीव्हरमध्ये डबा एकच आणि त्यात सात अ‍ॅम्प, डिकोडर, व्हिडिओ, वायफाय, ब्लूटूथ, सगळं कोंबलेलं. कुठल्या गोष्टीवर मन लावून काम केलं असेल कंपनीने?

बघ्या

बाकावर जागा धरली आहे. येऊ द्या.

ओहम_शांती

कॅसेटकाका, माळ्यावर गेले ते आवाज बिघडला म्हणून नाही गेले, जोडण्या जुन्या झाल्या म्हणून गेले. हा फरक महत्त्वाचा आहे आणि तो खरं म्हणजे तुमच्याच बाजूने जातो, पुढे सांगतो.

आधी गणित करू, कारण 'ताकद पुरेल का' या एका प्रश्नावर लोक उगाच हजारो वॅट विकत घेतात.

स्पीकर ८६ डीबी म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर ८६. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमला तेच २ वॅट होतात, म्हणजे हे स्पीकर कागदावर दिसतात त्याहून थोडे खादाड आहेत. सोफा साडेदहा फूट म्हणजे ३.२ मीटर. उघड्या मैदानात एवढ्या अंतरावर १० डीबी गळाले असते, खोलीत भिंती मदत करतात म्हणून ८ धरू. आता घरात बहुतेक जण सिनेमा रेफरन्सपेक्षा (म्हणजे थिएटरच्या ठरलेल्या पातळीपेक्षा) १५ एक डीबी खालीच बघतात. रेफरन्सला एका चॅनलचं शिखर १०५ डीबी, म्हणजे तुम्हाला सोफ्यावर ९० चं शिखर हवं. त्यासाठी एक मीटरवर ९८. ८६ ते ९८ म्हणजे १२ डीबी, म्हणजे सोळापट ताकद, म्हणजे ३२ वॅट. झालं. एवढं कुठलाही बरा रिसीव्हर देतो.

पण तुम्ही म्हणालात की नाही, मला पूर्ण रेफरन्सच हवा, तर अजून १५ डीबी म्हणजे आणखी तीसपट, म्हणजे हजार वॅट! तिथे रिसीव्हरही पुरणार नाही आणि वेगळा अ‍ॅम्पही नाही, त्याआधी तुमच्या लाडक्या बुकशेल्फची कॉइल जळेल. म्हणजे मर्यादा अ‍ॅम्पची नाहीच, स्पीकरची आहे.

खर्ज_षड्ज

वा! हे कोणीतरी असं मांडून सांगायला हवंच होतं. पण मग रिसीव्हरच्या खोक्यावर जे '७ × १५० वॅट' वगैरे असतं त्याचं काय?

ओहम_शांती

ते बारीक अक्षरांसकट वाचायचं. बहुतेकदा तिथे '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनल चालू' असं काहीतरी असतं. १० टक्के डिस्टॉर्शनला आवाज फाटलेलाच असतो. खरा आकडा म्हणजे '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, ०.०८ टक्के' किंवा तत्सम ओळ. जो १५० म्हणून मिरवतो तो तिथे ८० च्या आसपास आलेला दिसू शकतो. आणि पाचही चॅनल एकदम पिळले तर ५० वर येईल.

तरी घाबरू नका. ८० चे ५० झाले म्हणजे फक्त २ डीबी कमी. ८० चे १६० केले तर ३ डीबी जास्त. 'दुप्पट मोठा' वाटायला कानाला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट ताकद. म्हणून १०० वॅटवरून १२५ वॅटवर उडी मारणारे पाहिले की मला गंमत वाटते, एक डीबीसुद्धा पुरता मिळत नाही.

ट्वीटर_तात्या

ओहमराव, तुमचं नाव वाचून शांती मिळेल वाटलं होतं, इथे लॉगरिदम मिळालं.

थोडक्यात माझ्या डोक्यात शिरलं ते असं: रिसीव्हर म्हणजे एकत्र कुटुंब. भाऊ सात, चूल एक. सगळ्यांना एकदम भूक लागली की एकच ट्रान्सफॉर्मर सगळ्यांना वाढणार, मग कोणाच्या तरी ताटात कमी पडणार.

मावळतीची_मैना

तात्या 😄 आणि सबवूफर म्हणजे तो भाऊ जो आधीपासूनच वेगळा राहतो, स्वतःचा अ‍ॅम्प स्वतः घेऊन.

ओहम_शांती

मैनाताई, तुम्ही चेष्टेत बोललात पण अगदी कळीचं बोललात. सबवूफर आला आणि ८० हर्ट्झखालचं सगळं त्याच्याकडे वळवलं की रिसीव्हरवरचा सगळ्यात जड भार उतरतो. बुकशेल्फचे छोटे वूफरही मोकळे होतात, मधला आवाज स्वच्छ होतो. लोक याला 'नवीन अ‍ॅम्प घेतल्यासारखं वाटलं' म्हणतात. सेटिंगमध्ये स्पीकर 'स्मॉल' करायचे आणि क्रॉसओव्हर, म्हणजे वाटणीची सीमा, ८० हर्ट्झ. 'स्मॉल' म्हटलं की काही जणांचा अपमान होतो, पण त्याचा स्पीकरच्या आकाराशी संबंध नाही, खालचा आवाज कोणाकडे पाठवायचा एवढाच अर्थ.

सोल्डरगन

दुरुस्तीच्या टेबलावरून लिहितो. रिसीव्हर मरतात ते उष्णतेने. वर सेट-टॉप बॉक्स, त्याच्यावर गेम कन्सोल, मागे भिंत, पुढे काचेचं दार. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. वर निदान सहा इंच मोकळी जागा ठेवा, मागे वायरींचा गुंता हवा अडवणार नाही असं बघा. एवढं केलं तर रिसीव्हरही टिकतो.

दुसरं, ४ ओहमचे स्पीकर. ४ हा ढोबळ आकडा आहे, काही फ्रीक्वेन्सीला तो ३ च्या जवळ उतरू शकतो. करंट जास्त खेचला जातो, डबा जास्त तापतो. आवाज बेताचा असेल तर चालतं. मोठ्या आवाजात तासन्‌तास चालवणार असाल तर पुढच्या दोघांना वेगळा अ‍ॅम्प देणं शहाणपणाचं. बाकी पाच चॅनल रिसीव्हरवर राहू द्या, त्यांना फारसं काम नसतं.

जुनी_कॅसेट

बघा, आले की नाही माझ्याच मुद्द्यावर!

सोल्डरगन

काका, तुमचा मुद्दा आवाजाचा होता, माझा तापण्याचा आहे.

रिमोट_हरवला

एक कोणीच बोलत नाहीये ते मी बोलतो. घरात तुम्ही एकटे राहता का? आमच्याकडे प्रोसेसर, पॉवर अ‍ॅम्प, स्ट्रीमर, प्लेअर असं सगळं वेगवेगळं होतं आणि मी बाहेर असलो की घरून फोन यायचा, 'चित्र आहे, आवाज नाही'. मग मी फोनवरून पायलटला उतरवतात तसा बायकोला टप्प्याटप्प्याने उतरवायचो, आता दुसरं बटण, आता इनपुट, नाही नाही तो नाही. रिसीव्हर आणि ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीनेच रिसीव्हरला नेणारी सोय) आल्यापासून टीव्हीचा रिमोट एकच, टीव्ही चालू की सगळं चालू. घरातली शांतता कुठल्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेली नसते.

मावळतीची_मैना

+१. रच्याकने, मला एक साधं विचारायचंय. आमच्याकडे सिनेमात स्फोट झाला की खिडक्या हलतात आणि पात्रं बोलायला लागली की कान टवकारावे लागतात. यासाठी रिसीव्हर घेऊ की साउंडबार पुरेल? की कानच तपासू?

पिंक_नॉइज

मैनाताई, कान ठीक असणार, ही घरोघरची रड आहे. टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, तिथे संवाद हरवतात. बऱ्या साउंडबारमध्ये मधला वेगळा सेंटर चॅनल असेल तर तेवढ्यावरही मोठा फरक पडतो, त्यासाठी रिसीव्हरच हवा असं नाही. तोवर टीव्हीच्या किंवा प्लेअरच्या मेन्यूत 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' असं काही असेल तर चालू करून बघा, स्फोट खाली येतात आणि कुजबूज वर येते.

ज्यांच्याकडे रिसीव्हर आहे त्यांनी सेंटरचा लेव्हल २-३ डीबी वर घ्यावा. आणि तो बिचारा कपाटाच्या खणात आत ढकलू नका, पुढची कड खणाच्या कडेला आणायची, तोंड थोडं वर, कानांच्या दिशेने. फुकट होतं हे.

मावळतीची_मैना

नाइट मोड सापडला!! तीन मेन्यू आत दडवून ठेवला होता. आता धबधबा आणि नायिका दोघं ऐकू येतात. धन्यवाद, माझे पैसे वाचवलेत, आता तुमचं चालू द्या.

गेमर_गण्या

गेमसाठी घेणार असाल तर एचडीएमआय नीट बघा भावांनो. ४के १२० हर्ट्झ पाहिजे असेल तर एचडीएमआय २.१ चे इनपुट किती आणि त्यांची बँडविड्थ किती हे मॅन्युअलमध्ये वाचा, सगळ्या पोर्टना एकच सोय असते असं नाही. २०२० मध्ये नवे कन्सोल आले तेव्हा काही नव्याकोऱ्या रिसीव्हरांतून ४के १२० चं चित्रच पास होत नव्हतं, चिपमध्येच गोची होती. तेव्हापासून मी कन्सोल थेट टीव्हीला आणि टीव्हीतून ई-आर्कने आवाज रिसीव्हरला, असं करतो. चित्राचं टेन्शन टीव्हीचं, आवाजाचं रिसीव्हरचं.

खर्ज_षड्ज

आर्क आणि ई-आर्कमध्ये नेमका फरक काय? माझा टीव्ही थोडा जुना आहे, मागे फक्त आर्क लिहिलंय.

गेमर_गण्या

आर्क २००९ चा, एचडीएमआय १.४ बरोबर आला. त्यातून कॉम्प्रेस केलेला सराउंड जातो, डॉल्बी डिजिटल प्लस चालत असेल तर स्ट्रीमिंगचा ॲटमॉसही (छताच्या स्पीकरांसकटचा सराउंड) जातो. ई-आर्क २.१ बरोबर आला, त्यातून ट्रूएचडीसारखा लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेला आवाजही जातो. स्ट्रीमिंगच बघत असाल तर साधा आर्क पुष्कळ झाला. ब्लू-रे असेल तर प्लेअर थेट रिसीव्हरला लावा, मग टीव्ही जुना असला तरी आवाजाचं काही अडत नाही.

ओहम_शांती

हाच तो मुद्दा जो मी कॅसेटकाकांच्या बाजूने जातो म्हणालो होतो. २००९ ला आर्क, २०१३ ला एचडीएमआय २.०, २०१४ ला घरात ॲटमॉस आला, २०१७ ला एचडीएमआय २.१. म्हणजे यंत्राचा जो 'मेंदू'चा भाग आहे तो दर काही वर्षांनी जुना होतो. पॉवर अ‍ॅम्प मात्र जुना होत नाही, त्याला काय, आत व्होल्टेज येतं आणि बाहेर मोठं होऊन जातं. वेगळे कंपोनंट घेण्याचं मला पटणारं कारण हेच. आवाज जादूने उजळतो म्हणून नाही.

पण त्याची उलट बाजूही बघा. या हिशोबाने पैसे अ‍ॅम्पमध्ये घालावेत आणि मेंदू स्वस्तातला घ्यावा. वेगळा प्रोसेसर मात्र बऱ्याचदा रिसीव्हरपेक्षा महाग असतो, आणि कित्येकदा आत त्याच कंपनीच्या वरच्या रिसीव्हरचाच बोर्ड असतो, अ‍ॅम्प काढलेले आणि मागे एक्सएलआर सॉकेट लावलेले. म्हणजे जो भाग सगळ्यात लवकर जुना होणार त्याच्यावर सगळ्यात जास्त खर्च. माझ्या मते आपल्यासारख्यांनी प्री-आउट (बाहेरचा अ‍ॅम्प जोडायची सॉकेट) असलेला रिसीव्हर घ्यावा. उद्या वाटलं तर अ‍ॅम्प जोडा, परवा रिसीव्हर बदला, अ‍ॅम्प तोच राहील.

जुनी_कॅसेट

सगळं आकड्यात बसवायची तुम्हा लोकांना खोड. मी माझ्या अ‍ॅम्पवर आणि भाच्याच्या रिसीव्हरवर तीच बंदिश, तेच स्पीकर लावून ऐकली आहे. तानपुऱ्याची तार छेडल्यावर जी आस मागे रेंगाळते ती रिसीव्हरवर लवकर विझते. हे ऐकायला मीटर लागत नाही.

ओहम_शांती

काका, ऐकू आलं ते खोटं असं मी म्हणणार नाही. पण दोन्हीचा आवाज एकाच पातळीवर होता का? कान फार फसवा असतो, अर्धा-एक डीबी मोठं असलं की ते 'मोठं' वाटत नाही, 'जास्त खुललेलं' वाटतं. स्पीकरच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावून टोन वाजवून व्होल्टेज सारखं करायचं आणि मग कोणता चालू आहे ते न सांगता ऐकायचं. शिवाय भाच्याच्या रिसीव्हरवर रूम करेक्शन (माइकने खोली मोजून आवाज आपोआप जुळवणं) चालू असेल तर तुम्ही अ‍ॅम्पची तुलना केलीच नाही, इक्वलायझरची केली.

जुनी_कॅसेट

गाणं ऐकायला बसलो की मल्टिमीटर घेऊन बसत नाही रे मी.

ट्वीटर_तात्या

काका आउट ऑफ फॉर्म नाहीत अजून.

पिंक_नॉइज

दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत असं मला वाटतं. काकांना जी 'विझलेली आस' ऐकू आली ती ऑटो करेक्शनची असू शकते. उदाहरणार्थ ऑडिसी या करेक्शनच्या नेहमीच्या 'रेफरन्स' कर्व्हमध्ये २ किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम एक खड्डा ठेवलेला असतो आणि वरची टोकंही खाली आणलेली असतात. स्वर आणि तंतुवाद्यं थोडी मागे गेल्यासारखी वाटतात. ॲपमधून तो खड्डा बंद करता येतो. आणि त्याहून चांगलं म्हणजे करेक्शन फक्त ३००-५०० हर्ट्झपर्यंत मर्यादित ठेवायचं, वर स्पीकर जसा आहे तसा वाजू द्यायचा. डिराक हे दुसरं करेक्शन असेल तर त्यातही पडदा खाली ओढून हेच करता येतं.

खालच्या भागात मात्र करेक्शन हवंच. धागाकर्त्याची खोली १८ फूट म्हणजे साडेपाच मीटर लांब, म्हणजे ३१ हर्ट्झच्या आसपास पहिला रूम मोड (खोलीच्या मापामुळे घुमणारा सूर). तिथे सोफा कुठे आहे त्यावर ठरणार की ढोलकीचा धुम खोलीभर घुमणार की गायबच होणार. हा फरक १०-१५ डीबीचाही असतो. अ‍ॅम्प बदलून तिथे काहीही होत नाही, कितीही महाग घ्या. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर दोन फूट पुढे ओढा, आणि सबवूफर सोफ्यावर ठेवून, गाणं लावून, खोलीच्या कडेकडेने रांगत फिरा. जिथे बेस सगळ्यात सरळ ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवा.

बघ्या

घरी कोणी नसताना करा. माझ्या सासूबाईंनी मला रांगताना पाहिलंय.

रिमोट_हरवला

😂😂 मेलो

खर्ज_षड्ज

सोफा भिंतीलाच चिकटलाय. रांगायचं बघतो.

पण तिसऱ्या पर्यायावर कोणी फारसं बोललं नाही. रिसीव्हर अधिक इंटिग्रेटेड. कोणी वापरतंय का?

श्रवणीय

मी वापरते, आणि तुमच्यासारखाच वापर आहे, गाणी जास्त, सिनेमे कमी. इंटिग्रेटेडला 'होम थिएटर बायपास' किंवा 'पॉवर अ‍ॅम्प इन' असलंच पाहिजे. रिसीव्हरच्या फ्रंट प्री-आउटमधून वायर त्या इनपुटला. सिनेमाच्या वेळी इंटिग्रेटेड नुसता पॉवर अ‍ॅम्प बनतो आणि व्हॉल्यूम रिसीव्हरच्या हातात. गाण्याच्या वेळी रिसीव्हर बंदच, स्ट्रीमर थेट इंटिग्रेटेडला. गाणी ऐकायला टीव्ही, मेन्यू, काही लागत नाही, हा आनंद वेगळाच आहे.

दोन गोष्टी मात्र कोणी सांगत नाही. बायपास इनपुटला व्हॉल्यूम पूर्ण उघडा असतो, त्यामुळे तिथे चुकूनसुद्धा स्ट्रीमर किंवा फोन लावायचा नाही, पहिल्याच सुराला स्पीकर उडू शकतो. आणि दुसरं, गाण्याच्या वेळी रिसीव्हर बंद म्हणजे त्याचं रूम करेक्शनही बंद आणि सबवूफरकडे आवाज वळवणंही बंद. बुकशेल्फ एकटे. मी ज्यात हाय-लेव्हल (स्पीकरच्या टर्मिनलवरून) आणि एलएफई (रिसीव्हरच्या सब-आउटमधून) दोन्ही इनपुट एकाच वेळी चालतात असा सबवूफर घेतला, त्यामुळे गाण्यातही तो हलकेच साथ करतो. हे जुळवायला वेळ लागला.

पिंक_नॉइज

श्रवणीयताई, अगदी हेच लिहायला आलो होतो. म्हणजे धागाकर्त्याने इंटिग्रेटेड घेऊन गाण्यातून करेक्शन आणि बेस मॅनेजमेंट काढून टाकलं तर अ‍ॅम्प 'शुद्ध' पण खोलीचा घुमारा परत. काहींना तेच जिवंत वाटतं! रिसीव्हरवरच्या 'प्युअर डायरेक्ट' बटणाचंही तेच. दाबलं की 'वा, आवाज मोकळा झाला' म्हणतात, सबवूफरही त्यातच बऱ्याचदा मुका झालेला असतो हे लक्षात येत नाही.

सोल्डरगन

बायपास नसलेला इंटिग्रेटेडही चालतो, व्हॉल्यूम एका खुणेवर ठेवायचा आणि त्या खुणेवरच रिसीव्हरचं कॅलिब्रेशन करायचं. पण घरात लहान मुलं असतील तर नको, ती नॉब फिरवतातच.

खर्ज_षड्ज

क्लास डीचे (स्विचिंग पद्धतीचे) छोटे अ‍ॅम्प बघतोय, हायपेक्स कंपनीचे तयार मॉड्यूल असलेले. तापत नाहीत म्हणतात. पण 'थंड' आवाज अशीही तक्रार वाचली.

सोल्डरगन

थंड डबा म्हणून थंड आवाज असं काही नसतं. जुन्या क्लास डीमध्ये आउटपुट फिल्टरमुळे स्पीकरच्या इम्पिडन्सप्रमाणे वरचा आवाज बदलायचा, ती बदनामी अजून चिकटून आहे. हायपेक्स एनकोअर किंवा प्युरिफायमध्ये फीडबॅक फिल्टरच्या नंतरून घेतलेला असतो, स्पीकर ४ ओहम असो की ८, ते सरळ वाजतात. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास, नेहमीचा क्लास एबी त्याच्या बराच मागे. तुमच्या ४ ओहमवाल्यांना उत्तम. फक्त मॉड्यूल तेच असलं तरी डबा, सॉकेट आणि संरक्षण सर्किट बनवणाऱ्यावर अवलंबून, तिथे फार स्वस्तात जाऊ नका. आणि बिघडले तर बहुतेकदा आख्खं मॉड्यूल बदलावं लागतं, जुन्या अ‍ॅम्पसारखं एक ट्रान्झिस्टर बदलून भागत नाही.

जुनी_कॅसेट

हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

श्रवणीय

अवांतर होतंय पण राहवत नाही. स्पीकरबद्दल धागाकर्त्याने आधीच तोंड बंद केलंय आमचं, तरी सेंटर घेताना त्याच कंपनीच्या त्याच मालिकेचा बघा. पुढून गाडी डावीकडून उजवीकडे गेली की मध्ये तिचा आवाज बदलला असं व्हायला नको. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी लोकांना पडद्याआड स्पीकर ऐकवून जे प्रयोग केले त्यातून एक गोष्ट पक्की झाली, समोरून सपाट आणि बाजूंनाही एकसारखा उतरणारा स्पीकर बहुतेकांना आवडतो. आडव्या सेंटरमध्ये दोन वूफर आणि मध्ये ट्वीटर असला की बाजूला बसणाऱ्याला नेमका संवादाच्या भागात आवाज खचलेला मिळतो. सोफ्यावर तिघं बसणार असाल तर मध्ये वेगळा मिडरेंज असलेला सेंटर बघा. एकटेच बघणार असाल तर सेंटर नसला तरी चालतं.

रिमोट_हरवला

एकटेच बघणार असतील तर त्यांना घरच्यांची माझ्यापेक्षा जास्त गरज आहे.

खर्ज_षड्ज

सगळ्यांचे आभार. सोफा दोन फूट पुढे ओढला (घरातून तक्रार नोंदवली गेली आहे, पण सध्या स्थगिती आहे). नुसत्या त्यानेच जुन्या अ‍ॅम्पवरचा बेस मोकळा झाला, पिंक_नॉइज यांना सलाम.

आता असं ठरतंय: प्री-आउट असलेला सात चॅनलचा रिसीव्हर, आधी सबवूफर आणि सेंटर, छतावरचे नंतर. सबवूफर श्रवणीयताई म्हणतात तसा दोन्ही इनपुटवाला. तीन-चार महिने तसंच ऐकायचं, गाण्यात खरंच काही कमी वाटलं तर बायपासवाला इंटिग्रेटेड. वेगळा प्रोसेसर डोक्यातून काढला. एकच शंका, रिसीव्हरच्या मेन्यूत ४ ओहम आणि ८ ओहम असं सेटिंग असतं, ते ४ वर करू का?

ओहम_शांती

८ वरच ठेवा. ४ केल्यावर तो नुसतं व्होल्टेज कमी करतो, म्हणजे गळा आवळतो. शिखराला लवकर क्लिप होणार, म्हणजे आवाज फाटणार.

सोल्डरगन

इथे मी असहमत. क्लिप लवकर होणार हे खरं, पण गरम कमी होतो हेही खरं. मुलं गेम लावून चार तास बसणार असतील आणि डबा बंद कपाटात असेल तर ४ वर ठेवलेलं मी पसंत करीन. कपाट उघडं असेल तर ८.

ओहम_शांती

कपाट उघडं करा म्हणा ना मग, सेटिंग कशाला.

जुनी_कॅसेट

तीन-चार महिने कशाला थांबतोस? भाच्याचा रिसीव्हर घेऊन येतो, माझा अ‍ॅम्पही आणतो, एका रविवारी ऐकू. मल्टिमीटर ओहमरावांनी आणावा. त्यांना सर्किट कळतं, मला मारवा कळतो, बघू कोण आधी उठतं.

ट्वीटर_तात्या

याचं तिकीट कुठे मिळेल?

नवखा_कान

उशिरा वाचतोय. असंच काहीसं जोडलंय, रिसीव्हर आणि वेगळा पॉवर अ‍ॅम्प. पण अ‍ॅम्प लावल्यापासून सतत बारीक हम्म्म येतो, व्हॉल्यूम शून्य असला तरी. रिसीव्हर एकटा असताना नव्हता. एकाने अर्थिंगची पिन काढून टाक म्हणून सांगितलं. काढू का?

सोल्डरगन

अजिबात नाही! ती पिन जीव वाचवायला असते, आवाज सुधारायला नाही.

हा ग्राउंड लूप आहे. आधी सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. हम्म गेला तर संपलं. नाही गेला तर टीव्हीला येणारी केबलची किंवा डिशची वायर मागून काढून बघा, बहुतेकदा चोर तिथेच असतो. ती काढल्यावर थांबला तर त्या वायरवर केबलचा आयसोलेटर बसवा. तरीही राहिला तर रिसीव्हर ते अ‍ॅम्पच्या आरसीए वायरी अ‍ॅम्पकडून उपसा. काढल्यावर हम्म गेला तर लूप त्या वायरीतून येतोय, वायर आखूड करा, पॉवर केबलपासून लांब न्या, किंवा मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. वायरी काढूनही हम्म तसाच असेल तर अ‍ॅम्पचाच दोष, तो तपासायला द्या. आणि हे सगळं करताना वायर काढण्या-घालण्याआधी अ‍ॅम्प बंद करा, नाहीतर हम्मच्या जागी फट्ट येईल.

नवखा_कान

डिशची वायर काढली, थांबला!! आयसोलेटर शोधतो. हाय-लेव्हल आणि एलएफई दोन्ही लावले तर सबवूफरमध्येही असं होऊ शकतं का?

श्रवणीय

होऊ शकतं, माझ्याकडे झालं होतं. हाय-लेव्हल केबलची काळी वायर कुठे जोडायची ते अ‍ॅम्पच्या प्रकारावर असतं, ब्रिज केलेल्या क्लास डीला ती स्पीकरच्या निगेटिव्ह टर्मिनलला जोडायची नाही, अ‍ॅम्प जळू शकतो. सबवूफरच्या मॅन्युअलमध्ये त्याचं वेगळं चित्र असतं, ते आधी बघा. तुमचा अ‍ॅम्प कुठला आहे ते इथे टाका, मग सांगते.